पोशीरच्या दुनळीची किंमत

बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात रोज बसलं, की किस्से भंगारासारखे साठतात. त्यातला कुठला हाताला कापेल, सांगता येत नाही! मी कर्जतच्या टपाल कचेरीत होतो. तिथून सुटलो, की बाबूराव मिस्त्रीच्या दुकानात चहाला. बंदूक ओळखावी, तिची किंमत करावी ती बाबूरावनेच. कर्जत आणि खालापूर, दोन्हीकडचे लोक त्याचा शब्द मानायचे.

*

एकदा भिसेगावचे एक आप्पा बंदूक घेऊन आले. "रिकामी हाय," म्हणत त्यांनी घोडा दाबला. धाड्! छपराचं एक कौल गेलं.

बाबूरावने ते कौल कधीच बदललं नाही. पावसात खाली पातेलं ठेवायचा. पुढे कुणी "रिकामी हाय" म्हणालं, की नुसतं वर बोट दाखवायचा.

*

खालापूरच्या एका लाकूड ठेकेदाराने आपली दुनळी बंदूक पुढ्यात ठेवली. "खास लंडनची! ही नक्षी बघा."

बाबूरावने भिंग लावलं. "नक्षी इथल्याच सोनाराने काढलीय. विलायतेतल्या हरणाला चारच पाय असतात."

ठेकेदार भडकला. "तो पाय नाय, शेपूट हाय!"

"शेपटीला खूर?"

बाबूरावने खोटी किंमत कधी सांगितली नाही. मित्राला नाही, फौजदाराला नाही. "माणसाबद्दल खोटं बोलेन, बंदुकीबद्दल नाही," असं म्हणायचा. मला त्याचं भारी कौतुक होतं.

*

एका बाजाराच्या दिवशी पोशीर गावचा शंकर बंदुकीच्या नुसत्या दोन जोडलेल्या नळ्या लुगड्यात गुंडाळून घेऊन आला. बाप शिकारी, त्याला एका गोऱ्या साहेबाने बंदूक बक्षीस दिलेली. बाप गेला, वाटण्या झाल्या. बाकीची बंदूक? धाकट्या भावाकडे, महादूकडे!

पुढच्या बाजाराला महादू दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी दांडा, घेऊन आला. दस्त्यापुढच्या लोखंडावर उडणारी बदकं कोरलेली, पीस न् पीस मोजून घ्यावं अशी. बाबूरावने आतला नंबर वाचला आणि उडालाच. "अरे, ही त्याच नळ्यांची जोडी! असलं काम मी जन्मात पाहिलं नाही!"

मग त्यांची आई आली. येसूबाई. पायरीवरच बसली.

"मीच वाटलीय ती," म्हणाली. "एकाकडं नळ्या, एकाकडं दांडा. बांधावरनं रोज कोयते निघत्यात रं. बंदूक तुटलेलीच बरी. तुमी येवढंच सांगा त्यांना, फुटक्या कवडीची नाय म्हनून."

"म्हातारे, असल्या बंदुकीबद्दल मी असं कसं बोलू?"

"पोरांसाठी बोला की!"

बाबूरावने तिचं ऐकलं नाही. दोघा भावांना बोलावून त्याने खरी किंमत सांगितली. ऐकून दोघांचे चेहरे उजळले. मुंबईची पार्टी येईल, विकू, अर्धं अर्धं घेऊ. बाबूरावने स्वतःच्या हाताने नळ्या बसवल्या. खट् झालं. इतका गोड आवाज मी त्या दुकानात दुसरा ऐकला नव्हता.

पार्टी येईपर्यंत बंदूक शंकरकडे ठेवायची ठरली.

*

पार्टी आलीच नाही. लावणीच्या दिवसांत हवालदार पोत्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन दुकानात आला. मागून येसूबाई आली आणि त्याच पायरीवर बसली. छपरातून पातेल्यात पाणी ठिबकत होतं.

बांध कोरण्यावरून दोघा भावांत जुंपली होती, शंकरने बंदूक झाडली होती. महादूला आदल्या दिवशी अग्नी दिला होता. शंकर कोठडीत होता.

"मिस्त्री, ओळखता काय?" हवालदाराने विचारलं.

बाबूरावने पोतं बाजूला केलं. बदकांवर चिखल होता. त्याने तो पुसला नाही.

"ओळखतो. मीच जोडली."

हवालदाराने लिहून घेतलं. "पंचनाम्यात किंमत काय टाकू? म्हातारीनं सांगितलं, तुमाला ठावं हाय."

बाबूरावने पायरीकडे पाहिलं. येसूबाई त्याच्याकडेच बघत होती.

"लिहा," तो म्हणाला, "फुटक्या कवडीची नाही."