पुढचं डावं चाक

पंक्चरला माझ्या व्याह्यांनी जेवढा मान दिला, तेवढा अख्ख्या कोल्हापुरात कुणी जावयालाही दिला नसेल. नवी वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी अनोळखी माणूस. चपलांचे तळ इतक्यांदा बदललेले, की मूळ चपलेचं फक्त माप शिल्लक असावं. छत्रीच्या काड्यांना तांब्याची तार. माझ्या मुलीच्या लग्नात घातलेल्या कोटाच्या कोपरावर रफू होतं आणि तेही त्यांनी मांडवभर हौसेने दाखवलं. "ठिगळ घेतंय म्हंजे अजून जितं हाय की, पावणं," असं ते म्हणायचे. त्यांच्या जुन्या गाडीचं पुढचं डावं चाक दुकानातून परत आलं, की ते त्याला कान लावून बसत, आजारी म्हशीच्या पोटाला लावावा तसा. घरचे हसायचे. मीही हसायचो.

हे चाक नेहमी एकाच ठिकाणी बसायचं, कळंब्याच्या तलावाकाठी, वळण संपतं तिथे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबून धरायचा, तर बुडबुडा एक नाही. टायर बदला, म्हणायचा. भोकच नाही तर बदलू कशाला, असं व्याह्यांचं म्हणणं. विहीणबाईंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. दवाखान्यातून त्यांना शेवटचं घरी आणताना याच वळणावर त्या म्हणाल्या होत्या, जरा थांबा, पाणी बघू दे. संध्याकाळच्या धारा काढायच्या राहिल्या होत्या. म्हणून व्याही थांबले नाहीत. मला एकट्याला त्यांनी हे सांगितलं होतं. तेव्हापासून पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसायचं नाही. मी मुलीचा बाप, तरी मागेच.

हळूहळू जावयाला त्या जागेची धास्ती वाटू लागली. त्याच्या आत्याने वळणावर दहीभात आणि नारळ उतरून ठेवायला सुचवलं. व्याही शांतपणे म्हणाले, "उतारा परक्याला ठेवत्यात. ती काय परकी हाय व्हय?" घर गार पडलं. ती शांतता मला सोसेना, म्हणून मुलीला बाजूला घेऊन मी म्हणालो, तुझे सासरे स्वतःच हवा सोडतात, मी पाहिलंय. पाहिलं नव्हतं. पण भुतापेक्षा विक्षिप्त म्हातारा परवडतो. पेठ वडगावपर्यंतच्या पाहुण्यांत ती गोष्ट चवीने फिरली, अजून फिरते, म्हणून हे लिहितो आहे. शेवटी जावयाने ठरवलं, नवं टायर घालू दिलं तर ठीक, नाहीतर वडिलांनी किल्ली ठेवून द्यायची.

खरं असं, की मी कितीदा तरी त्यांच्याबरोबर गाडीत होतो. हवा कुणी सोडत नव्हतं. गाडी चालत असतानाच डावीकडून एक लांब सुस्कारा यायचा, चढ चढून आलेलं माणूस टेकतं तसा, आणि गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसायची. व्याही इंजिन बंद करून समोर बघत राहायचे. मग म्हणायचे, "चला." मला नव्हे.

टायर बदलायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "पावणं, नवं टायर तिथं थांबलं न्हाय तर?"

मी म्हणालो, पोरांच्या जिवाला घोर नको, बदला. शहाण्या माणसाला एवढंच सुचतं.

नव्या टायरवरची पहिली फेरी दिवस मावळताना झाली. वळण आलं, संपलं. चाक गप्प. तलाव मागे पडला, घरं लागली. व्याह्यांची मान ताठ होती. मला वाटलं, आता हे रडणार. त्यांनी गाडी वळवली, परत तलावाकाठी आणली आणि वळण संपतं तिथे स्वतः ब्रेक दाबला. मग वाकून डावीकडचं दार उघडलं.

वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. तरी गाडी त्या बाजूने किंचित वर उचलली गेली, कुणी उतरावं तशी. व्याह्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अंधारू लागलं तरी दार उघडंच होतं, आणि आम्ही दोघं म्हातारे पाण्याकडे न बघता बसून राहिलो. ते बघणं आमचं नव्हतं.