शेंदराखालचं वर्तुळ

बिरदेव तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कन्हेरीला परतला, तेव्हा त्याला शेतीतलं फारसं येत नव्हतं. नकाशा मात्र वाचता येत होता. सगळी नोकरी त्यानं डोळ्यांना न दिसणाऱ्या जागा कागदावर शोधण्यात घालवली होती. पुण्याच्या जुन्या बाजारात, रद्दीत, त्याला बारामती-इंदापूर भागाचा इंग्रजी अमदानीतला एक नकाशा सापडला. इंचाला मैल, घड्यांवर फाटलेला. त्यानं मागून कापड चिकटवून घेतलं आणि सायकलवर टाकून तो रोज निघू लागला.

नकाशात होतं ते जमिनीवर नसायचं. ज्या तुटक रेघेवरून त्याच्या आजोबांची मेंढरं इंदापूरकडे उतरत, ती वाट आता उसात शिरून नाहीशी होई. एकट्या झाडाच्या जागी विजेचा ट्रान्सफॉर्मर. विहिरीच्या जागी एक बाई भांडी घासत होती. "बुजवली कवाच," ती म्हणाली. "तुमी मोजणीचं का?" नाही म्हटलं तरी तिनं चहा ठेवला, आणि दीर बांध कसा कोरतो ते सांगत बसली.

घरी त्याची बायको सरुबाई म्हणे, "गावच बघायचं तर चष्मा लावून कागदात कशाला? दार उघडं हाय की."

दाराबाहेरचं सगळं त्याच्याविना घडलेलं होतं. नकाशातलं गाव त्याच्या जन्माच्याही आधीचं. तिथं सगळेच गैरहजर होते. त्याची एकट्याची गैरहजेरी तिथं उठून दिसत नव्हती.

गावच्या माळटेकडीवर त्या नकाशात एक लहानसा त्रिकोण होता, शेजारी उंचीचा आकडा. त्रिकोण म्हणजे सरकारी पाहणीचा दगड, ज्यावर यंत्र लावून आसपासचा मुलूख मोजला गेला. टेकडीच्या माथ्यावर दगड एकच होता. त्यावर शेंदराचे थर होते, आणि बिरदेवाचे वडील तात्याबा दर रविवारी भंडारा घेऊन तिथं चढत. तो बिरोबा. पणजोबांनी घोंगड्यात बांधून आणलेला, असं तात्याबा सांगत आले होते.

बिरदेवानं नकाशाची घडी घातली आणि तो कुणापाशी काही बोलला नाही.

शहाण्णवच्या हिवाळ्यात एक खडीवाला ठेकेदार गावात आला. त्याला टेकडी फोडायची होती. देव खाली रस्त्याकडेला आणू, म्हणाला, सिमेंटचं देऊळ बांधू, कळसासकट, खर्च माझा. देव हलवायचेही विधी असतात, तेही करून घेऊ. बैठकीत माना डोलल्या. म्हाताऱ्यांना आता चढ सोसत नव्हता. एकटे तात्याबा म्हणाले, "त्यो तितंच ऱ्हाणार."

"का, ते तरी सांगा की आबा," कुणीतरी म्हणालं.

तात्याबा पटका सारखा करून बैठकीतून उठले.

संध्याकाळी बिरदेवानं गोठ्यात नकाशा पसरला आणि वडिलांचं बोट धरून त्रिकोणावर ठेवलं. "तात्या, ह्यो सरकारी खुणेचा दगड हाय. त्यो हलवता येत न्हाय, फोडता येत न्हाय. पण खूण दाखवायची तर शेंदूर काढाय लागंल."

"आन खूण निघाली तर?"

"टेकडी वाचंल."

"टेकडीचं न्हाय इचारत मी."

बिरदेवानं तळहातानं नकाशाची घडी सपाट केली. म्हैस रवंथ करत होती.

"आधी देव का आधी खूण, ते लिवलंय का ह्यात?"

"न्हाय."

"म्हंजी तुझ्या कागदालाबी म्हाईत न्हाय." तात्याबांनी बोट उचललं. "बोलीव सरकारी माणसाला. पर शेंदूर मी काढणार."

तालुक्याचा मोजणीदार आला, त्याच्यामागून गावही चढून आलं. तात्याबांनी तेल चोळून शेंदूर मऊ केला आणि लेकराच्या डोक्यावरची खपली काढावी तसा खुरप्याच्या टोकानं काढत गेले. केशरी थर, मग काळपट, मग जवळजवळ मातीचा. त्याखाली दगड. दगडावर छिन्नीनं कोरलेलं वर्तुळ, मधोमध टिंब.

मागून एकजण म्हणाला, "म्हंजी इतकी वर्सं आमी सायबाला नारळ फोडलं व्हय."

हसू पसरलं. तात्याबाही हसले, जरा उशिरा.

पंचनामा झाला आणि टेकडी वाचली. गाव मात्र बिरदेवावर नाराज झालं. रस्त्याकडेचं देऊळ लोकांनी मनात बांधून टाकलं होतं, आणि ते ह्याच्या कागदानं पाडलं. टेकडीवर जाणारे आधीच थोडे होते, आता तेही थांबले.

पुढच्या रविवारी बिरदेव सकाळपासून ओट्यावर बसून होता. सायकलची चेन काढून पुन्हा बसवत होता. तात्याबा भंडाऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले.

"चल तूबी. दम लागला तर धराय कुणीतरी पायजे."

दोघं चढले. माथ्यावर तात्याबा वाकले, चिमटीत भंडारा घेतला आणि तसेच थांबले. वर्तुळाच्या आत वाहायचा की बाहेर, हे त्यांना ठरवता येईना. हात तिथंच राहिला.

मग म्हाताऱ्यानं पिशवीत मूठ घातली आणि भंडारा वर उधळला. वारा होता. थोडा दगडावर पडला, थोडा बिरदेवाच्या सदऱ्यावर, बाकीचा माळावर गेला.