सीझन संपेपर्यंत

अमेरिकेत, बॉथेल गावी आमच्या शेजारी रूबी राहायची. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, आणि एकदा बोलायला लागली की न थांबणारी. आमची इशिता घास तोंडात धरून बसली की माझा जीव कासावीस व्हायचा. रूबी कुंपणापलीकडून ओरडायची, "तिच्या मागे धावू नकोस! अर्ध्या अमेरिकेच्या पोरांना जेवू घातलंय मी."

"मागच्या आठवड्यात पाव अमेरिका होती," माझा नवरा अनुप हळूच म्हणायचा.

पण त्यात तथ्य होतं. १९५०च्या सुमारास ती डोंगरापलीकडच्या एका गावात बेबी फूडच्या कारखान्यात लागली. सरकत्या पट्ट्यावरून मटार यायचे, त्यातले खडे आणि सालं वेचायची. पुढे ते शिजून, गाळून, छोट्या डब्यांतून देशभर जायचे. जूनमध्ये मटार सुरू झाला की कारखाना रात्रंदिवस चाले. मग गाजर, मग भोपळा. त्या दिवसांत कामावरच्या बायका तान्ही मुलं नातेवाइकांकडे ठेवत. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. रूबीचा नवरा सोडून गेला होता. तिनेही वर्षाच्या डीनला थोरल्या बहिणीकडे, एडनाकडे ठेवलं. सीझन संपेपर्यंत.

ऑक्टोबरमध्ये ती त्याला आणायला गेली, तर तो एडनाच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागला. एडनाला मूल नव्हतं. "राहू दे अजून थोडे दिवस," ती म्हणाली. रूबी पुन्हा गेली, पुन्हा रिकाम्या हाताने परतली. पुढच्या उन्हाळ्यात एडना आणि तिचा नवरा त्याला घेऊन कॅलिफोर्नियाला निघून गेले. रूबी तेव्हा कारखान्यात पट्ट्यापाशी उभी होती.

२००६ मध्ये तो कधीचाच बंद पडलेला कारखाना पाडायचं ठरलं. जुन्या कामगारांना शेवटचं बघायला बोलावलं होतं. एडना नुकतीच वारली होती. रूबीने धीर करून डीनला फोन केला, आणि तो चक्क येतो म्हणाला.

"त्याला सांगणार आहे," गाडीत ती मला म्हणाली. "मी तुला देऊन टाकलं नव्हतं. परत न्यायला आले होते. एवढंच सांगायचंय."

डीनला टक्कल पडलं होतं, हनुवटी मात्र थेट रूबीची. गंजलेल्या पट्ट्यापाशी तिने त्याला मटार कसे वेचायचे ते दाखवलं. तो हसून ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "आंट रूबी, तुमचे आभार मानायचे राहून गेलेत. मॉम नेहमी सांगायची, तुम्ही स्वतःहून मला तिच्या हाती दिलंत. फार सुखात वाढलो मी."

रूबीने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

"तू गुणी बाळ होतास," ती म्हणाली. "कुणालाही हवासा वाटला असतास."

फ्लाइट होती म्हणून तो लवकर निघाला. परतताना मला राहवलं नाही. "सांगितलं का नाहीत?"

"त्याची आई जाऊन दोन महिने झालेत," रूबी म्हणाली. "ती खोटं बोलली, असं सांगू त्याला?"