ताईचं ‘मले’

परवा मोबाइलवर एका नव्या मुलीचा अल्बम ऐकत होतो. दुसऱ्याच गाण्यात ती बिनधास्त ‘मले’ म्हणाली आणि माझ्या नाकात एकदम गाद्यांमधल्या नव्या कापसाचा वास आला. चिखलीतल्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगल्या होत्या, पंखाही बंद होता. हळदीच्या गाण्यांची कॅसेट निघणार होती, त्यासाठी मोताळ्याहून माझी ताई गायला आली होती आणि सोबतीला मी. ‘मले नेऊ नका दूर’ एवढं तिनं म्हटलं की पुण्याहून आलेले संगीतकार हात वर करायचे. “ताई, ‘मला’ म्हणा. ‘मले’ गावंढळ वाटतं.” “पन हे गानं आमचंच हाये ना, सर?” “कॅसेट सगळीकडे जाणार आहे, ताई.” घामानं निथळत ती पुन्हा पुन्हा गात राहिली, आणि दर वेळी त्याच शब्दापाशी अडखळली. शेवटी ‘मला’ जमलं. त्यांनी ते वाजवून दाखवलं, तेव्हा ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हे कोन गाऊन राह्यलं रे?” त्यानंतर ती कुठल्याच हळदीत गायली नाही. “काऊन गात नाही तू?” असं विचारलं की म्हणायची, “थे गानं आता त्यायचं झालं.” आज त्या मुलीच्या ‘मले’वर लोक जीव ओवाळून टाकताहेत. ताई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज तेवढ्या एका कॅसेटवर उरलाय, आणि तिथं ती ‘मला’ म्हणते.