न दुखणारा पाय

"काका, दुखत नाही हाच तर तुमचा आजार आहे," चिखलीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आमच्या यांच्या अंगठ्याखालून चिमट्यानं एक बारीक खिळा ओढून काढला. जखमेला वास सुटला होता. मी पदर नाकाला लावला. यांनी हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, डायबेटिक न्यूरोपॅथी. म्हणजे वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. काटा रुतो, चटका बसो, माणसाला कळतच नाही. ज्यांच्या घरी शुगरचा माणूस आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून तर मी लिहायला बसले.

खिळा नव्या बुटाचा होता. आमच्या लोकांत नाताळला नवे कपडे, नवे बूट घ्यायची रीत. मग कॅरोलची टोळी ढोलकी घेऊन घरोघरी आणि जवळपासच्या खेड्यांतही गात फिरते. आमचे हे मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच, तेव्हा सगळ्यात पुढे. नव्या वर्षाच्या उपासनेत हे साक्ष द्यायला उभे राहिले. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीपुढे सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. यांची साक्ष म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. म्हणाले, "नवे बूट घालून एवढी गावं फिरलो, पण एक फोड दुखला नाही. सेवेले निघालं की प्रभू दुखणंच काढून घेते!" सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. खिळा तेव्हा पायातच होता.

चिखलीहून आम्हाला बुलढाण्याला पाठवलं. रक्त, एक्स-रे, मग डॉपलर, म्हणजे पायापर्यंत रक्त पोचतं का ते पाहायची तपासणी. बाकड्यावर माझ्या शेजारी बीबी गावाकडची एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखालून काढलेला. "घरी ड्रेसिंग नीट झाली नाही व माय आमच्यानं," ती म्हणाली. माझा घास डब्यातच राहिला.

सर्जननी अंगठा काढला. डिब्राइडमेंटही केलं, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढलं. घरी सोडताना म्हणाले, "अंगठा गेला. आता पाय वाचवायचा आहे. दोन्ही वेळा ड्रेसिंग, आणि हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी वरून कापावं लागेल."

ड्रेसिंग कोण करणार? मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन पुढे ढकललं होतं, यांना सोडून जाणार कशी? जखमेत काळं काय नि लाल काय, मला धूसरच. मुलगी सुरतेला दिलेली. माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर आला. हा आमच्याच मंडळीतला, चौकात त्याची पिठाची गिरणी. प्रार्थनासभेत त्याची पाळी आली की घाम फुटायचा. जेमतेम "आमेन" म्हणून खाली बसायचा, आणि हे घरी येऊन त्याची नक्कल करायचे. तो दवाखान्यातल्या सिस्टरकडून ड्रेसिंग शिकून आला होता. बादलीत पाणी घेतलं, साबणानं हात धुतले आणि यांच्यासमोर जमिनीवर बसला.

यांनी पाय मागे ओढला. "प्रभाकर, राहू दे ना बे. वास येते त्याचा. तू काऊन हात लावतं?"

प्रभाकरनं बादली जवळ ओढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "पाय पाहिजे का लाज पाहिजे, ते एकदाचं ठरवा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या अध्यायावर जन्मभर बोलले तुम्ही. आता धुवायला आला त्याले धुऊ द्या."

पाय पुढे आला. प्रभाकर पुढे रोज सकाळ-संध्याकाळ येत राहिला.

खरं दुखणं आता सुरू झालं, ते खुर्चीत बसण्याचं. कोणी आजारी पडलं, कोणाकडे मयत झाली, की पहिले धावणारे हे. आता खिडकीतून पाहायचे आणि चिडचिड करायचे. गुड फ्रायडेला यांच्याशिवाय बाकंसुद्धा हलत नसत. त्या दिवशी उठू लागले, तर चर्चचे पाळकसाहेब स्वतः येऊन म्हणाले, "भाऊ, यंदा तुमचा त्याग म्हणजे बसणं." हे रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मधे एकदा बाजारात एक बाई कुरकुरली, "त्या गिरणीले सकाळी नेहमीच कुलूप असते. आम्ही आता पलीकडच्या नव्या गिरणीत जातो." सकाळ म्हणजे दळणाची खरी वेळ. मी प्रभाकरला विचारलं. पट्टी गुंडाळतच तो म्हणाला, "गिऱ्हाईक येतीन वहिनी वापस. पाय गेला तर वापस येते का?"

प्रभूचा त्यागी शिष्य म्हटलं की मला घरदार सोडून दूरदेशी गेलेली माणसं आठवत. आमच्याकडे तो पिठानं माखलेल्या शर्टात रोज येत होता आणि मी त्याला नुसता चहा देत होते. लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद वाटला. आम्ही असे काय भाग्यवान, की देवानं आमच्या दारात असा माणूस धाडला!

पुढे जखम भरली. सर्जननी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "पाय वाचला. ड्रेसिंग कोणी केली?" माझंही ऑपरेशन झालं. आता रोज दिवेलागणीला यांचे दोन्ही तळवे मीच पाहते आणि बूट उलटा करून झटकल्याशिवाय घालू देत नाही. तुम्हीही पाहा बाई. दुखत नाही, या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

पहिल्यांदा चालत चर्चला गेलो, त्या रविवारी साक्षीची वेळ आली आणि हे उठले. बायकांनी लेकरं मांडीवर नीट घेतली, आता अर्धा तास गेला म्हणून. हे काठीवर रेलून उभे राहिले.

"माझा पाय आहे," हे म्हणाले. "प्रभाकरनं धुतला."

आणि खाली बसले.

मग मागच्या बाकावरून प्रभाकरचा बारीक आवाज आला, "आमेन."