टेबलाच्या पायाखालची चिठ्ठी

"ठेव तिथं ओट्यावर. हातात नको देऊ."

किन्हवलीच्या मालकाच्या अंगणात मी उभी होते. हातात बंद चिठ्ठी. ओट्यावर पाव्हणे चहा पीत बसलेले. मी चिठ्ठी ओट्याच्या कडेला ठेवली, मागं सरले, तेव्हा मालकानं ती उचलली. मनात वाचली, मग त्यातली एक ओळ मोठ्यानं.

"हिला कामवाली समजू नका, बहिनीसारखी वागवा, म्हनतोय! ऐकलंस का गो, तुला ननंद आली!"

मालकीण दारात होती. तोंडाला पदर लावून हसली. पाव्हणेही हसले. मग मालकानं चिठ्ठीची घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"बघतेस काय? गोठा पडलाय तसाच."

मी गोठ्यात गेले.

आमी उंबरमाळीकडच्या डोंगरातले ठाकर. बा नव्हता. आई लांब वीटभट्टीवर. पोर उपाशी मरायला नको म्हणून मला पोटावर ठेवलेली. पोटावर म्हणजे मजुरी नाय, नुसतं जेवण. माझी जर्मनची थाळी गोठ्याच्या वाशाला खोचलेली असायची. भात वरून टाकायचे, थाळीला हात लागू नये म्हणून. एकदा तापात मी पडून राहिले, तर मालकिणीनं चुलीतलं जळतं लाकूड पाठीवर ओढलं. त्या दिवशी पळाले.

पळाले ती खर्डीला, भाऊंकडं. भाऊ तिथं येशूच्या प्रार्थनेची खोली चालवायचे, आमच्या पाड्यावर औषधं घेऊन यायचे. त्यांच्या बायकोनं माझ्या पाठीला खोबरेल लावलं, स्वतःच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. वाटलं, सुटले बाई. पण भाऊ घाबरलेले. "पोरगी बाटवली म्हनतील. आमाला इथं राहायचंय." त्यांनी चिठ्ठी लिहिली. म्हणाले, "बायबलातल्या पौलानं पण पळालेल्या दासाला असंच पत्र देऊन परत पाठवलं. घाबरू नको." आणि एसटीत बसवून दिलं. परत त्याच आगीत.

त्यानंतर रोज मी त्या टेबलाखाली केर काढला. चिठ्ठी दिसायची. मला वाचता येत नव्हतं. केरसुणी तिथवर गेली की हात थांबायचा. त्या एका ओळीशिवाय माझ्याबद्दल आत अजून काय लिहिलंय, ते भाऊंना माहीत, मालकाला माहीत, मला नाय. अजूनही कुठं टेबल डगमगलं की मी आधी खाली वाकून बघते. येड्यासारखी.

भट्ट्या बंद झाल्यावर आई आली, मला घेऊन गेली. आश्रमशाळेत मी वाचायला शिकले. पुढं भाऊंनी खर्डीला मुलींचं वसतिगृह काढलं, तिथं स्वयंपाकाला लागले. होय, त्यांच्याचकडं. माणूस वाईट नव्हता. हेच तर दुखणं.

एका रविवारी भाऊ मला म्हणाले, "आज पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाच." खोली भरलेली. पुढच्या बाकावर मुरबाडच्या एका बंगल्यातून पळून आलेली पोरगी. ओठ सुजलेला. भाऊंच्या खिशातून चिठ्ठी डोकावत होती. तशीच घडी. हिलाही परत एसटीत बसवणार.

मी वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत, पहिल्यांदाच. भाऊ समजावू लागले. पौल म्हातारा, येशूसाठी तुरुंगात, बेड्या घातलेला. तिथं त्याला अनेसिम भेटतो, फिलेमोनाचा पळालेला दास. फिलेमोन घरदारवाला, त्याच्याच घरात विश्वासणारे जमायचे. "आणि पौलानं अनेसिमाला परत पाठवलं," भाऊ म्हणाले. "आज्ञा पाळायला शिका."

आज्ञा? माझं बोट अजून ओळींवरच होतं. पत्रात अनेसिमाला एक हुकूम नाय. सगळं सांगणं मालकाला. आता हा दास नाय, तुझा भाऊ. मी आलो असतो तर मला घेतलं असतंस, तसं त्याला घरात घे. आणि पत्र एकट्या मालकाला नाय, घरात जमणाऱ्या सगळ्यांना. म्हणजे चारचौघांत वाचायचं, एकट्यानं घडी घालून दडपायचं नाय. शेवटाकडं एक ओळ, जिच्यावर भाऊ कधीच थांबले नव्हते. माझ्यासाठी खोली तयार ठेव, मी यायचं म्हणतोय.

बेड्यांतला म्हातारा येतो म्हणतोय. भाऊंना तर किन्हवलीला यायला शहापूरवरून एसटी होती.

"भाऊ, पौल येतो म्हनला. तुमी आलात का?"

भाऊंनी मान खाली घातली. "बाय, मला वाटलं, ते चिठ्ठीचा मान ठेवतील."

"ठेवला ना. टेबलाच्या पायाखाली. आनि अनेसिमाला कुनी विचारलं का, जातोस का म्हनून? इथं लिहिलेलं नाय. मी हिला विचारते." पोरीकडं वळले. "जाशील का गो?"

तिनं मान हलवली. नाय.

मालकाचा राग आहेच, तो मरेपर्यंत राहील. पण त्याहून जास्त राग या भल्या माणसांचा. यांची दया आमी आमच्या पाठीवर वाहून न्यायची, आणि यांनी एसटीच्या दारातच हात झटकायचे.

"फाडा ती चिठ्ठी," मी म्हटलं. "दुसरी लिहा. पोरगी येनार नाय. तिचे कपडे न्यायला आमी येतोय."

भाऊंनी लिहिली. खिशातली फाडून.

तेव्हापासून आमच्या दारातनं एकही पोरगी परत गेलेली नाय. चिठ्ठी मी नेते. ओट्याच्या कडेला ठेवत नाय. ओटा चढते, पाव्हण्यांसमोर स्वतः वाचते आणि मालकापुढं धरते. त्यानं हात पुढं करून माझ्या हातातनं ती घ्यायची. घेईपर्यंत मी तिथनं हलणार नाय.