पावणेचार शेरांची पायली

चांदणी चौकात एसटीत चढले तेव्हा डिसेंबर असूनही आभाळ भरून आलं होतं. मी निघाले होते मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत. तिथल्या शाळेतल्या मुलांना मोजमाप शिकवायचं, तेही प्रत्यक्ष मापून बघत, हे माझं काम. सोबत एक पिशवी होती: वजनकाटा, लिटरची मापं, टेप, फुटपट्ट्या. भुकूमच्या आसपास मागच्या खेपेला भाताची खाचरं पाहिली होती, तिथे आता इमारतींचे सांगाडे उभे होते. पौडनंतर मला डुलकी लागली. वाडीच्या फाट्यावर कंडक्टरने हाक मारली तशी धडपडत उतरले, आणि एसटी वळणाआड गेल्यावर लक्षात आलं की पिशवी वरच्या फळीवरच राहिली. मोजमाप शिकवायला निघालेल्या बाईला स्वतःची एक पिशवी सांभाळता आली नाही.

फाट्यावर एक म्हातारबाबा गुरं घेऊन उभे होते. वाडी किती लांब, असं त्यांना विचारलं.

"लांब कुटं? हाकंच्या अंतरावं हाय."

ती हाक चाळीस मिनिटांच्या चढाची निघाली. खाली धरणाचं पाणी राखेच्या रंगाचं दिसत होतं. कापलेल्या खाचरांत नुसती धसकटं उरली होती. उगाचच उदास वाटत राहिलं.

शाळेत बावीस मुलं आणि एकच गुरुजी. माझी फजिती ऐकून ते हसले. "अहो, मापं तर घराघरांत आहेत. उद्या मुलंच घेऊन येतील." कल्पना मला इतकी आवडली की पिशवी हरवल्याचं बरंच वाटलं.

मुक्काम पार्वताबाईंकडे होता. त्यांची नात सायली चौथीत. रात्री तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशांचं कालवण जेवताना मी मापांचा विषय काढला, तशा त्या उठल्या आणि आतून लोखंडी पायली (चार शेरांचं धान्याचं माप) घेऊन आल्या.

"आख्ख्या वाडीत हीच येक पायली. सुगीत समदी हितनंच नेत्यात. आमच्या मालकांच्या मापाला आजपत्तूर कुनी नाव ठेवलं न्हाई."

मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. कापणीला येणाऱ्या बायांना मजुरीबरोबर रोज एक पायली तांदूळ द्यायची इथे रीत आहे, आणि तो तांदूळ सगळ्या घरांत याच पायलीने मापला जातो. पार्वताबाई पदराने तिच्या कडा पुसत होत्या.

सकाळी सायली आणि तिची मैत्रीण सारिका पायलीचा एकेक कान धरून वर्गात आल्या. कुणी शेर आणला, कुणी चिपटं (पाव शेराचं माप). शेर तर दोन घरांतून आले. मी म्हटलं, चार शेरांची एक पायली, आता करूनच बघू. शाळेच्या कोठीतला तांदूळ घेऊन सायली ओतायला बसली.

"लाभ, दोन, तीन..." इथे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चौथा शेर ओतता ओतता पायली काठोकाठ भरली. शेरात तांदूळ उरला. आम्ही दुसऱ्या शेराने मापलं, तरी तेवढाच उरला. उरलेला मापला तर बरोबर एक चिपटं.

मग कुणीतरी फुटपट्टी आणली. पायली बाहेरून मापली, आतून मापली. आतली खोली बोटभर कमी भरली. जुन्या तळाच्या वर, मध्ये पोकळी सोडून, दुसरा पत्रा बसवलेला होता. मुलं शोध लागल्यासारखी ओरडली. मीही टाळ्या वाजवल्या.

सारिका तेवढी उरलेल्या चिपट्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, माजी आय कापनीला जाती. तिला ह्याच पायलीनं देत्यात."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजी रोज येक चिपटं कमीच की."

गणित अगदी बरोबर होतं. सायलीने पायली उचलली आणि शाळा सुटायच्या आधीच घरी निघून गेली.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा पार्वताबाई पायली पालथी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बूड सडलं व्हतं तिचं. मालकांनी बाजारातनं बसवून आनलं. लई वर्सं झाली." पालथ्या बुडावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "पत्रा आतनं बसवलाय, माप उनं झालंय, ह्ये त्यांना कळलं नसंल का वं, बाई?"

"नसेल कळलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. कदाचित खरंच कळलं नसेल. पण चाळीस वर्षांच्या संसारात जो प्रश्न या बाईंना पडला नव्हता, तो मी एका तासात त्यांच्या पदरात टाकला होता.

त्यांनी पिशवीत तांदूळ भरला आणि सारिकाच्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा पिशवी तशीच भरलेली होती.

"घेतलं न्हाई तिच्या आयनं. 'आता कशानं मापून देताय?' म्हनली."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला मात्र वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला शाळेत गेले. माझी मापांची पिशवी डेपोत सापडल्याचं गुरुजींनी सांगितलं, मी मान हलवली. सायली खिडकीशी बसली होती आणि सारिका पार मागच्या भिंतीला टेकून. दोघींतल्या कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. फाट्यापर्यंतचा उतार मी रडत उतरले.

पुण्यात आल्यावर भेटीचा अहवाल भरायला घेतला. छापील कागदावर एक प्रश्न असतो: मुलांना मापांमधला संबंध समजला का? मी 'होय' लिहिलं. त्याखाली उदाहरणासाठी चार ओळी सोडलेल्या असतात. त्या मी कोऱ्याच ठेवल्या.